भावाला बोलावणारं नाव

सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये समोरच्या घरात एक चिनी जोडपं राहतं. त्यातली ती माझी मैत्रीण, माझ्याच ऑफिसात, माझ्याच टीममध्ये आहे. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली आणि बाळंतपणासाठी तिच्या सासूबाई चीनहून आल्या. सत्तरीच्या, बुटक्या, ठणठणीत. आल्या दिवशीच त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, सुनेच्या डोक्याला टोपी घातली आणि फ्रिजमधलं गार पाणी बंद केलं. मैत्रीण मला मेसेज करून रडायची, "महिनाभर केस धुवायचे नाहीत म्हणतात! वाचव!"

मी वाचवायला डिंकाचे लाडू घेऊन गेले. आजींनी एक लाडू हातात घेऊन हुंगला, चावून पाहिला आणि माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू या परक्या मुलखात अखेर एक शहाणं माणूस भेटलं. मैत्रिणीने कपाळावर हात मारला. "तू माझ्या बाजूने आली होतीस ना?"

त्या दिवसापासून आजींचं आणि माझं जमलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी. मध्ये फोनमधला अनुवादक. त्याच्यात बोलायचं आणि तो इंग्रजीत जे काही बोलेल त्यावर समाधान मानायचं. एकदा त्याने मला "हे आदरणीय कोबी" म्हटलं. आजींना काय म्हणायचं होतं, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

मग बाळाच्या नावाचं निघालं. त्यांच्याकडे म्हणे पूर्वजांनी एक कविता करून ठेवलेली असते. प्रत्येक पिढीने त्यातला पुढचा शब्द घ्यायचा आणि त्या पिढीतल्या सगळ्या भावंडांच्या नावात तो घालायचा. नुसतं नाव ऐकलं तरी हा कितव्या पिढीचा, आपला काका की पुतण्या, हे कळतं. नावाचा दुसरा शब्द जन्मवेळेवरून. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी यांतलं बाळाच्या नशिबात जे कमी, ते नावातून भरून काढायचं. पण बाळ जन्मलं मंगळवारी दुपारी, तेव्हा चीनमध्ये बुधवार उजाडलेला. मग वार कुठला धरायचा?

"आमच्याकडेही हेच झालं होतं," मी म्हटलं. "माझ्या मुलीच्या वेळी आईने नागपुरात दोन पत्रिका करून घेतल्या. एक तिथल्या वेळेची, एक इथल्या. जी चांगली निघाली ती ठेवली."

आजींना हे फारच पटलं. शेवटी त्यांच्या गावच्या जाणकाराने इथलाच वार धरला आणि बाळाला पाणी कमी आहे असं सांगितलं. पाण्याचा शब्द मिळाला. घोडं अडलं ते कवितेतल्या शब्दावर. तो शब्द फक्त मुलांना मिळतो, मुलींना नाही. मुलगी काय, उद्या दुसऱ्या घरी जाणार.

"नको तर नको," मैत्रीण म्हणाली. "इंग्रजी नाव आहेच की."

आजी मात्र ताठ बसल्या. मग त्यांनी फोनमध्ये हळूहळू, एकेक वाक्य बोलून मला स्वतःच्या नावाचा अर्थ सांगितला. 'धाकट्या भावाला बोलावून आण.' त्या जन्मल्या तेव्हा घरात आधीच दोन मुली होत्या. आता तरी मुलगा व्हावा म्हणून तिसरीला हे नाव ठेवलं.

"मग आला भाऊ?" मी विचारलं.

"दोन आले!" आजींनी दोन बोटं नाचवली आणि खदाखदा हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "सत्तर वर्षं मला कोणीही हाक मारली, की ती माझ्या भावाला असते. माझ्या नातीला तिचा शब्द मिळाला पाहिजे."

घराण्याची वंशावळीची पोथी त्यांच्या मोठ्या दिरांकडे होती. शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल ठरला. आजींनी दोन दिवस आधीपासून मुद्दे कागदावर लिहून काढले होते, केस विंचरून लाल स्वेटर घातला होता. मी भांडण बघायला म्हणूनच गेले होते, खोटं कशाला सांगू.

दीर स्क्रीनवर आले. आजींनी एका दमात सगळं म्हणून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहाचा घोट घेतला आणि काहीतरी बोलले. मैत्रीण हसायला लागली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पोथीची नवी आवृत्ती काढतोय, त्यात मुलींना शब्द द्यायचं मागेच ठरलंय. तुम्हाला कळवायचं राहून गेलं."

आजींच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा जास्त हिरमोडच दिसला. एवढी तयारी केलेलं भांडण वाया गेलेलं. पण त्या हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. लगेच दुसरा मुद्दा काढला. पोथीत सुनांची फक्त माहेरची आडनावं असतात, अमुक घराण्यातली स्त्री, एवढंच. "नवी आवृत्ती निघतेच आहे, तर माझं पूर्ण नाव घाला."

दीर म्हणाले, "घालू की." मग जरा थांबून, अवघडून, "तुझं नाव काय?"

पंचेचाळीस वर्षं ते आजींना 'धाकट्या भावाची बायको' अशीच हाक मारत आले होते. आजींनी नाव सांगितलं नाही. "आठवड्याने कळवते," म्हणाल्या.

तो आठवडा त्या जाहिरातीच्या कागदांच्या मागे काहीतरी लिहीत बसल्या. जुन्या नावाने पोथीत जायचं त्यांच्या मनात नव्हतं, तेव्हा सुनेने एक युक्ती सुचवली होती. चिनीत एकाच उच्चाराची वेगवेगळ्या अर्थांची अक्षरं असतात. उच्चार जवळजवळ तोच ठेवायचा, अक्षरं बदलायची. मग 'भावाला बोलाव'चा अर्थ 'उजळ वाट दाखवणारी' असा काहीतरी होतो.

एकदा कपडे धुवायला खाली गेले, तर आजी ड्रायरपाशी भेटल्या. त्यांनी फोन पुढे केला. "तुझं नाव कोणी ठेवलं?"

"दोन आहेत," मी म्हटलं. "एक आईवडिलांनी ठेवलेलं. दुसरं लग्नात सासरच्यांनी, ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने लिहिलेलं."

आजींना वाटलं, अनुवादक पुन्हा बिघडला. मी तीनदा सांगितल्यावर त्यांचा आवाज चढला. "नुसतं आडनाव नाही, नावच बदललं? आमच्याकडे असं करत नाहीत!" मला एकदम सासरच्यांची बाजू घ्यावीशी वाटली. नवं नाव मला तेव्हा आवडलंही होतं, नव्या साडीसारखं. पण हे फोनला सांगता येईना.

आजींनी नवी अक्षरं घेतली. धाकट्या भावाला फोन करून सांगितलं, तेव्हा तो रुसल्याचं नाटक करत म्हणाला, "म्हणजे आता मला बोलवणार नाहीस?"

"तू येऊन सहासष्ट वर्षं झाली," आजी म्हणाल्या. "तुला अजून किती बोलवायचं?"

बाळ महिन्याचं झालं त्या दिवशी लाल रंगवलेली अंडी वाटली. मैत्रिणीने केस धुतले. आजी जायच्या आधी पोथीच्या नव्या पानाचा फोटो आला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून मला दाखवला. ही नात, ही मी. मग विचारलं, तुमच्याकडे असं पुस्तक असतं का?

असतं. आमच्या सासरच्यांच्या वंशावळीची वही त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडे आहे, हे मी कधीतरी ऐकलं होतं. त्या रविवारी नाशिकला सासूबाईंना फोन केला. "आई, त्या वहीत माझं कुठलं नाव आहे?"

"अगं, तुझं घातलंय की नाही तेच आठवत नाही," त्या म्हणाल्या. "कोणी विचारतच नाही ना. माझंही बघायला हवं. आलीस की दोघी जाऊ."

डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. उपाध्यायांना कुठलं नाव सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.