वरचा सूर

आमच्या ह्यांचे मामा गळ्यातून एकाच वेळी दोन सूर काढायचे. खाली घोगरा, जाड सूर आणि त्याच्यावर शिट्टीसारखा बारीक. कापड रंगवायच्या कारखान्यात जन्मभर बॉयलरवर होते. त्याच्या घरघरीशी गळा जुळवता जुळवता ही विद्या हाती लागली म्हणे. ह्यांना तीच शिकायची होती. धंदा पाण्याच्या टाक्या धुण्याचा, त्यामुळे रियाजाला जागा आयतीच. रिकाम्या टाकीत उतरायचं, जीभ टाळूला लावायची आणि घुमायचं! लोक वरून डोकावून विचारायचे, "बरं आहे ना हो?"

एक दिवस तो वरचा सूर निघाला. मी डबा द्यायला गेले होते, टाकीच्या तोंडाशी उभी राहून ऐकला. अंगावर काटा आला हो!

हे तडक मामांकडे. मामांनी डोळे मिटून ऐकलं. "खालचा पक्का आहे. पण वरचा कुठाय? जोर लाव."

"अहो मामा, मला आला की ऐकू," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय त्यातलं!" हे माझ्यावरच खेकसले. मामांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग काय, जोर लावणं सुरू. दर वेळी मामांचं एकच, "अजून नाही." घसा सोलवटला, थुंकीत रक्त दिसलं. मी कानीकपाळी ओरडले, पण ऐकतील तर शपथ! शेवटी आवाज बसला तो कायमचा. डॉक्टरांनीही हात टेकले. लाजेपायी ह्यांनी मामांना त्यातलं काही कळू दिलं नाही, त्यांच्याकडे जाणंच सोडलं. माझं एकदा ऐकलं असतं तर!

परवा मामा स्वतः जिना चढून आले. लेकीने कानाला यंत्र बसवून दिलेलं, स्वारी खुशीत. "सूनबाई, चमचा वाजलेला ऐकू येतो मला! बॉयलरपायी बारीक आवाज कानातून कधीचेच गेले होते म्हणे. जाड तेवढे राहिलेले." मग ह्यांच्याकडे वळले. "म्हणजे तुझा वरचा सूर... गा बघू, बाळा."

ह्यांनी पाठ ताठ केली, जीभ टाळूला लावली. नुसती हवा आली.

मामांनी यंत्र काढलं, तळहातावर आपटलं, परत कानात घातलं. "बिघडलं वाटतं लेकाचं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. मान हलवून मामांना हो म्हणाले, आणि ते यंत्र मागून घेऊन फडक्याने पुसत बसले.