न चढलेल्या घाटाचा रिव्ह्यू

आमच्या नात्यागोत्यात गाड्यांच्या रिव्ह्यूचे व्हिडिओ खरे की खोटे, हे ठरवायचं खातं गेल्या श्रावणापर्यंत माझ्याकडे होतं.

ते मला कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं. मी अंबडच्या एका कारखान्यात तयार माल तपासतो. दिवसभर चांगल्या दिसणाऱ्या वस्तूंत खोट शोधायची आणि त्याचाच पगार घ्यायचा, त्यामुळे घरी आल्यावरही हात स्वस्थ बसत नाहीत. (माझ्या बायकोच्या, वैशालीच्या मते हात नव्हे, तोंड.) कुणाला गाडी घ्यायची असली की तो मला दोन-चार व्हिडिओ पाठवायचा आणि मी पास-नापास करायचो. पहिल्याच मिनिटात तीनदा 'मित्रांनो' म्हणणारा नापास. गाडी फक्त पार्किंगमध्ये फिरवणारा नापास. गाडीपेक्षा स्वतःचा गॉगल जास्त दाखवणारा तर पुढे न बघताच नापास. आणि डिलिव्हरी घेताना गळ्यात हार घालून बोलणारा नवा मालक? "त्याला गाडी विचारणं म्हणजे मांडवातल्या नवरदेवाला संसार कसा चाललाय म्हणून विचारणं," हे माझं वाक्य आमच्या फॅमिली ग्रुपवर चांगलंच गाजलं होतं.

मग वैशालीला शाळेत शिकवायला जायला-यायला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची ठरली. मी कामाला लागलो. इतके व्हिडिओ बघितले, की झोपेतही जाहिरात पुढे ढकलायला बोट हलायचं.

"अहो, एवढ्या दिवसांत मी चालत गेले असते तरी निवृत्त होऊन परत आले असते," वैशाली म्हणाली.

"घाई करू नकोस. हा माणूस चढावर गाडी दाखवतच नाहीये. काहीतरी लपवतोय."

"मला कुठे चढायचंय? शाळा कॉलेज रोडला आहे."

शेवटी तीच मला ओढत शोरूममध्ये घेऊन गेली. तिने टेस्ट राइड घेतली, आरशात बघितलं, ब्रेक दाबून बघितला आणि गाडी पसंत करून टाकली. मला टेस्ट राइड घ्यायला वेळच मिळाला नाही. त्यांच्याच गाडीचे कोणते व्हिडिओ खोटे आहेत, हे मी सेल्समनला समजावत होतो.

डिलिव्हरीच्या दिवशी गाडी लाल कापडाखाली झाकलेली. शेजारी केक आणि दाराएवढी पुठ्ठ्याची चावी. "नारळबिरळ राहू द्या, आम्ही पेढे आणलेत," असं आईने आधीच सांगून टाकलं. कापड ओढलं, टाळ्या झाल्या आणि कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. (गाडी वैशालीची, पैसे वैशालीचे, हार मला. याबद्दल मी तेव्हा काही बोललो नाही.) शोरूममधली एक मुलगी मोबाइल घेऊन आली आणि तिने माझ्या शर्टाला छोटासा माइक लावला.

"सर, गाडीबद्दल दोन शब्द. आमच्या चॅनलसाठी."

मी नाही म्हणणार होतो, अगदी मनापासून. पण कारखान्यात माझं मत कुणी ऐकत नाही, नुसता शिक्का बघतात. आयुष्यात पहिल्यांदाच माझं मत ऐकायला कुणी माइक आणला होता. मी पेढा गिळला, घसा खाकरला आणि म्हणालो, "मित्रांनो..."

त्यानंतर जे काही तोंडातून बाहेर पडलं, त्यावर माझा ताबा राहिला नाही. मी पिकअपवर बोललो. सस्पेन्शनवर बोललो. खड्ड्यातून गेलो तेव्हा पोटातलं पाणी हललं नाही, असं म्हणालो. (हलणार कसं? मी गाडीवर बसलोच नव्हतो.) त्या मुलीने विचारलं, "सर, घाटात कशी आहे?" आता इथे 'माहीत नाही' हे दोन शब्द पुरले असते. पण गळ्यात हार असला की माणसाला ते दोन शब्द आठवत नाहीत.

"कसारा घाट डबलसीट चढून आलोय. लोण्यासारखी जाते."

"अहो!" वैशाली म्हणाली. पण माइक माझ्या शर्टाला होता, त्यामुळे व्हिडिओत ते ऐकू येत नाही.

संध्याकाळपर्यंत 'जाणकार ग्राहकाचं प्रामाणिक मत' अशा नावाने तो व्हिडिओ चॅनलवर चढला, तिथून फॅमिली ग्रुपवर उतरला आणि अभिनंदनाचा पाऊस पडला. मीही हात जोडलेली चित्रं पाठवत बसलो. मग फोन वाजला. इगतपुरीचे दिनकरमामा होते.

हे माझ्या आईचे धाकटे भाऊ. रेल्वेतून निवृत्त झालेले. इगतपुरीत त्यांचं घर चढावर आहे आणि मामीचे गुडघे गेलेले. रोज उपचाराला तिला खाली गावात नेण्यासाठी त्यांना गाडी घ्यायची होती. पेट्रोलची एक स्कूटर त्यांनी जवळजवळ नक्कीही केली होती.

"जय भीम, संदीप. व्हिडिओ बघितला रे. घाटात डबलसीट गेला होतास ना?"

वैशाली समोर भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. मीच पाठ फिरवली.

"हो... म्हणजे हो मामा. तसं गेलोच."

"मग झालं. ती पेट्रोलवाली रद्द करतो. तू तपासल्याशिवाय बोलणार नाहीस."

फोन ठेवल्यावर वैशाली एवढंच म्हणाली, "आत्ता सांगा त्यांना."

"उद्या सांगतो. नीट समजावून सांगावं लागेल."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात ऑडिट निघालं. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, फोनवर सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष भेटून सांगावं. चौथ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर मामांचा फोटो आला. लाल कापड, पुठ्ठ्याची चावी आणि गळ्यात हार. वैशालीच्या गाडीसारखीच गाडी, रंगही तोच. मी त्यावर हात जोडलेलं चित्र पाठवलं. याची आजही लाज वाटते.

रविवारी मामांनी जेवायला बोलावलं. आम्ही पोचलो तर भुरभुर चालली होती आणि मामा रेनकोट घालून चढाच्या पायथ्याशी गाडी घेऊन उभे. मामी पाठीमागे बसलेली, मांडीवर मटणाची पिशवी. मामी अंगाने भरलेली आहे आणि मामाही काही कमी नाहीत.

"थांबलोय तुझ्यासाठी," मामा म्हणाले. "गेल्या तीन दिवसांत ही डबलसीट वर जाईना. माझंच काहीतरी चुकत असणार. तू कसाऱ्यात कसं केलंस तेवढं दाखव."

"मामा, आधी जरा..."

"आधी बघ तर." त्यांनी पिळला अॅक्सिलरेटर. गाडी निघाली. अर्ध्या चढापर्यंत गेली, तिथे विचारात पडली, थांबली आणि हळूहळू मागे यायला लागली. मामी शांतपणे माझ्या दिशेने येत होती. मी धावलो आणि मागून गाडीला खांदा लावला.

एवढ्यात शेजारची दारं उघडली. मामांनी माझा व्हिडिओ अख्ख्या गल्लीला दाखवला होता.

"हे तेच का व्हिडिओवाले भाऊ?" एका ओट्यावरून एक बाई म्हणाल्या. "आमच्या जावयानं पण बुक केली ना हीच. तुमचंच ऐकून."

"लय भारी बोलता हो तुम्ही," त्यांचे यजमान म्हणाले. "मीपण उद्या जाणार हाय शोरूमला."

मी दात आवळून ढकलत होतो. घामाने आणि पावसाने चिंब. आणखी एक क्षण गप्प बसलो असतो तर अर्धी इगतपुरी त्या चढावर उलटी घसरत आली असती.

"मामा," मी ओरडलोच, "मी घाट चढलो नव्हतो! गाडीवर बसलोसुद्धा नव्हतो. हार घातला आणि बोलत सुटलो."

मामांनी ब्रेक दाबून ठेवला. मामीच आधी बोलली, मागे न वळता.

"मी सांगितलं होतं यांना. व्हिडिओत सीटवरचं प्लास्टिक पण काढलेलं नाय. बिनवापरल्या गाडीवर कोण कसाऱ्याला जातंय?"

"सांगितलं होतं तिनं," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्याचाच जास्त त्रास झाला. "मीच तिला रागावलो. म्हटलं, प्लास्टिक दिसत असेल, पण आपला संदीप खोटं बोलणार नाही."

मी खांदा तसाच लावून उभा राहिलो. काढला असता तर मामी खाली आली असती आणि माझ्यात आणखी काही सहन करायची ताकद नव्हती.

तोडगा वैशालीनेच काढला. माझी जुनी पेट्रोल स्कूटर मामांकडे गेली. ती धूर सोडते, खोकते, पण मामीला घेऊन वर जाते. मामांची इलेक्ट्रिक मी वापरतो. अंबडच्या सपाट रस्त्यावर ती खरंच छान चालते, पण हे मी कुणाला सांगत नाही. त्या चढावर उभं राहून मी खरा व्हिडिओही केला. 'मित्रांनो' न म्हणता, गॉगल न घालता, हात जोडून सांगितलं, की आधी मी खोटं बोललो होतो. त्याखाली पहिलीच प्रतिक्रिया आली, 'दुसऱ्या कंपनीने पैसे चारलेले दिसतात.' दुसऱ्याने लिहिलं, 'रडण्याचा अभिनय कच्चा आहे.' मी असतो तर मीही नापासच केला असता.

मामा मला एका शब्दानेही टाकून बोलले नाहीत. फोन अजूनही मलाच करतात. तब्येत विचारतात, पाऊसपाणी सांगतात, माझ्या पगारवाढीची चौकशी करतात. मग जरा थांबून म्हणतात, "बरं, मामीला मिक्सर घ्यायचाय. वैशाली आहे का जवळ?"

मी फोन तिच्याकडे देतो. देण्याआधी काचेवरचा डाग शर्टाला पुसून देतो. आमच्या नात्यात तपासणीचं तेवढंच काम आता माझ्याकडे उरलंय.