भाजेची फेरी आणि तासाभराची बॅटरी

आईने जाण्यापूर्वी एकच काम सांगितलं होतं, "हे हौसाला दाखव." हे म्हणजे माझ्या लॅपटॉपसमोर बसून तिने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा व्हिडिओ. हौसामावशी तिची माहेरची, भाजेची शेजारीण. मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. शेवटी मावशीच्या सुनेचा, सुरेखावहिनीचा फोन आला. "यायचं तर ह्या आठवड्यात या. आत्याबाई आता अंथरुनातनं उठत न्हाईत. आन् लाइट न्हाई बरं का, खांब पडलाय."

इथेच माझी पंचाईत झाली. लॅपटॉप जुना, चार्जर काढला की जेमतेम तासभर दम धरतो. ओव्या त्याहून लांब. फोनवरचं इवलंसं चित्र मावशीला दिसत नाही. मग मी तयारीला लागले. तुम्हीही वीज नसलेल्या गावी निघणार असाल तर ऐका: पडद्याचा उजेड निम्म्याखाली आणा, वायफाय-ब्लूटूथ बंद, बॅटरी सेव्हर चालू, लागतं तेवढं सोडून बाकी सगळं बंद. नेताना स्लीपवर ठेवू नका, पूर्ण बंद करा. एवढं करूनही व्हिडिओ पुरेना, म्हणून मी तो कापला.

कापण्यासारखं होतंही भरपूर. शेवटच्या वर्षी आईला अर्ध्याच ओव्या आठवायच्या. एक ओळ म्हणायची आणि समोर बघत गप्प बसायची. मग एकदम नवीनच ओवी. आजाराने डोकंही पोखरलं, असं आम्ही घरात हळू आवाजात बोलायचो. त्या गप्प बसण्याच्या जागा मी सगळ्या काढल्या. व्हिडिओ निम्मा झाला. जागा अडते म्हणून मूळ फाइलही उडवली. काम कसं चोख!

आधी लोणावळा गाठलं, कारण पुण्यात या मॉडेलची बॅटरी मिळत नव्हती. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उलटा करून पाहिला. "मागवावी लागेल मॅडम. आठवडा धरा. तोवर इथे बसून फुल चार्ज करून घ्या," म्हणाला. बाहेर धुकं खाली उतरलं होतं आणि चिक्कीच्या दुकानांत गिऱ्हाईक नव्हतं. त्याच्याकडे चार्जिंग होईतो मी शेजारी कांदाभजी खाल्ली, तीही गार.

तिथून पुण्याकडच्या लोकलने एकच स्टेशन मागे, मळवली. दुपारी गाड्या विरळ आहेत, वेळ बघून निघा. स्टेशनपासून भाजे चालत जाता येतं, द्रुतगती महामार्गावरच्या पुलावरून. शनिवार-रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. मधल्या वारी मी एकटीच होते, लॅपटॉप प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी धरलेली. लोहगड ढगात होता. आई असती तर रस्ताभर कुणाचं शेत कुठलं ते सांगत आली असती. मला फार एकटं वाटलं.

हौसामावशी भिंतीला टेकून बसली होती. मी लॅपटॉप तिच्या मांडीजवळ ठेवला. पडद्यावर आई आली. मावशीने पदर सारखा केला.

"लोहगडाच्या खाली माझ्या सखीचं शिवार," आई म्हणाली.

मावशीने तोंड उघडलं. तोवर आईची पुढची ओवी सुरू झाली होती. मावशी थांबली. तिसऱ्या ओवीलाही तेच झालं.

"आगं, ही थांबंना का? मला येऊच देईना," मावशी म्हणाली. "जात्यावर आमी दोघी बसायचो. येक वळ तिची, येक माजी. मंग म्या कुटं म्हनायचं?"

आई विसरली नव्हती. ती मावशीसाठी जागा सोडत होती.

मी व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि प्रत्येक ओळीनंतर स्वतः थांबवायला लागले.

"हाकंला हाक देती, बांधाला बांध शेजार," मावशीने पुरं केलं.

वहिनी चूल सोडून दारात येऊन उभी राहिली. मावशी मध्येच आईला "आगं, दमानं" म्हणत होती. पण थांबवलेल्या व्हिडिओलाही बॅटरी लागतेच. निम्म्याच्या आत पडदा काळा झाला.

"मी नवी बॅटरी घालून पुन्हा येते मावशी."

"नगं. येकदा बास झालं. गेलेल्या मानसाला सारखं उठवू न्हाई."

तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. वहिनीने दिलेला कोरा चहा पिऊन मी संध्याकाळच्या लोकलने परतले. वाटेतलं बेगडेवाडी स्टेशन केव्हा गेलं कळलं नाही. फोन पर्समध्ये असूनही मावशीचा आवाज टिपून घ्यावा, हे मला गाडीत बसल्यावर सुचलं.

नवी बॅटरी आली. झकास चालते, पाहिजे तेवढा वेळ. संध्याकाळी मी आईला लावते आणि पहिल्या ओळीनंतर थांबवते. आई समोर बघत राहते. मला फक्त पहिल्या ओवीची दुसरी ओळ येते.