मनांग पुरिंगचा आहेर

आमच्या ओतोन गावात लग्न ठरलं की आधी चर्चची तारीख, मग मेजवानीचं डुक्कर, आणि मग मनांग पुरिंग. संध्याकाळच्या जेवणात सकाळच्याच लग्नाची फिल्म दाखवली नाही, तर आमच्याकडे पाहुण्यांना लग्न लागल्यासारखंच वाटत नाही. ती फिल्म करते पुरिंग, आम्हा सगळ्यांची मनांग, म्हणजे थोरली ताई. नवऱ्याच्या माघारी त्याचं टायर पंक्चरचं दुकान विकून तिनं कॅमेरा घेतला. मी तिचा दुसरा कॅमेरा, म्हणजे पळापळ करणारा.

पुरिंग वामनमूर्ती. बोलायला लागली की मात्र सहा फुटी. नवरदेव गंभीर उभा राहिला की ओरडते, "अरे बाळा, हस ना! फाशी नाहीये, लग्न आहे. फरक नंतर कळेल!"

त्या शनिवारी लग्न होतं तिच्या धर्मकन्येचं, लोवेलाचं; पुरिंग तिची निनांग, म्हणजे धर्ममाता. सासरच्यांनी शहरातला मोठा स्टुडिओ ठरवला होता. लोवेला अडून बसली. "फिल्म माझी निनांगच करणार. नाहीतर मी घुंगट वर करणार नाही." सासरच्यांनी मान तुकवली, पण ओठ मुरडून. म्हणजे आज फिल्म पडद्यावर दिसली नाही, तर फजिती एकट्या पुरिंगची नव्हती. नव्या सुनेची पहिल्याच दिवशी होती.

फिल्म वेळेत झाली. हॉलच्या मागच्या खोलीत बसून पुरिंगनं ती कापली, जोडली, गाणं चढवलं. तिच्या कॉम्प्युटरात साठवणीच्या दोन एसएसडी. नवी, च्युइंगमच्या पट्टीएवढी, तिच्यात सगळं काम. जुनी, पत्त्यांच्या जोडाएवढी, नुसती अडगळ. पुरिंगनं अडगळ पुसली, तिच्यात लोवेलाचे लग्नाआधीचे सगळे फोटो भरले, मशीन बंद करून जुनी एसएसडी काढली, प्लॅस्टिकच्या कवचात घातली आणि आहेर म्हणून बांधली. कशात? आरिनोलात. आमच्याकडे लग्नात आरिनोला, म्हणजे रात्री लघवीसाठी खाटेखाली ठेवायचं भांडं देणं शुभ असतं. संसार भरभराटतो म्हणतात.

"भांडं पण, फोटो पण! एका दगडात दोन पक्षी!" पुरिंग खूश.

मग आम्ही कॉम्प्युटर उचलून पडद्याजवळ नेला. वायरी लावल्या. बटण दाबलं.

काळा पडदा. त्यावर पांढरी एक ओळ. सुरू करण्याजोगं काहीही सापडलं नाही.

"हे काय गं?"

"मनांग, मला विचारू नका, मी कॅमेरा."

बोयेत, आमचा सूत्रसंचालक, माइकवर हात ठेवून कुजबुजला, "किती वेळ?"

"दोन मिनिटं," पुरिंग म्हणाली. खोटं ती इतक्या प्रेमानं बोलते की पटतं.

बोयेतनं पाहुण्यांना ग्लास वाजवायला लावले. चमचे ग्लासांवर किणकिणले की नवरानवरीनं मुका घ्यायचा, ही रीत. हॉल किणकिणला. नवरदेवानं, अर्नेलनं, लोवेलाचा मुका घेतला. टाळ्या.

पुरिंगनं झाकण उघडलं. पट्टी काढली, फुंकली, बसवली. रॅम काढली, बसवली. किणकिण. मुका. सेटिंगमध्ये शिरली. नवी एसएसडी तिथे ठसठशीत दिसत होती.

"दिसतेय की! मग उठत का नाही ही भवानी?"

"पट्टी दुसऱ्या लॅपटॉपला लावू?"

"तिला खाच कुठल्या लॅपटॉपात आहे? बोयेतच्या? त्यात पावाचे तुकडेच निघतील."

"पेनड्राइव्हवर फिल्म नाही घेतली?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा प्रश्न गिळला.

किणकिण. मुका. अर्नेलचे ओठ आता टोमॅटो झाले होते. मागून त्याची एक मावशी ओरडली, "मुलाला पाणी द्या गं कुणीतरी!"

आणि पुरिंग एकदम कपाळावर हात मारून खाली बसली. "अगं बाई! नवीवर विंडोज टाकलं तेव्हा जुनी आतच होती. घर बांधलं नव्या जागेवर आणि किल्ली टांगली जुन्या घराच्या खुंटीला! सुरू व्हायचा भाग जुनीतच राहिला, एका लपलेल्या कोपऱ्यात. मी पुसली ती मोठी खोली. कोपरा तसाच आहे."

"म्हणजे किल्ली…"

"आरिनोलात!"

आहेराच्या टेबलाशी पहारा होता लोवेलाच्या आईचा, एस्तेरचा. ती आणि पुरिंग एकमेकींना 'मारे' म्हणतात, एकाच लेकीच्या आई आणि धर्ममाता म्हणून. आणि टेबलावर भांड्याच्या आकाराची पुडकी तीन, तिन्ही एकाच दुकानाच्या सोनेरी कागदात.

"मारे, माझा आहेर जरा परत दे."

"परत?" एस्तेरनं छातीवर क्रूसाची खूण केली. "लग्नात दिलेलं परत? मुलगी उद्या घरी पाठवायचीय का मला?"

"मारे, फिल्म आत आहे!"

"भांड्यात?"

"तसंच समज!"

एस्तेरनं हात पुढे केला. "एक पेसो टाक. सुरी आहेरात आली की आपण नाणं देतो ना, म्हणजे ती विकत घेतलेली होते, नातं कापत नाही. तसंच. परत घेतलं नाहीस, विकत घेतलंस."

पुरिंगनं पेसो टाकला आणि पहिलं पुडकं फाडलं. आत गुलाबी फुलांचं भांडं, रिकामं. समोरच्या टेबलावरून अर्नेलची म्हातारी आजी उभी राहून टाळ्या पिटायला लागली. "माझं! माझं आहे ते! बघा, किती आवडलं!" सगळ्या हॉलला वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग. पुरिंगनं वाकून नमस्कार केला आणि भांडं डोक्यावर धरून दाखवलं. हॉलमध्ये हशा पिकला.

दुसऱ्या पुडक्यात एसएसडी.

तिनं नखानं प्लॅस्टिकचं कवच उचकटलं, वायर जोडली. मशीन उघडंच, एसएसडी वायरीला लोंबकळती. "धर हिला," ती म्हणाली. मी ओंजळीत धरली, देवाचा प्रसाद धरतात तशी.

बटण. काळं. काळं. मग निळं.

"आली!" मी किंचाळले.

निळ्यावर अक्षरं उमटली. अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका.

"आत्ता? तुला मुहूर्त आत्ता सापडला?" पुरिंग मशीनला म्हणाली. मागे बोयेत रडकुंडीला, "चला मंडळी, आता नवरीनं घ्यायचा!"

आणि मग ते उठलं. पडद्यावर चर्चचं दार उघडलं, लोवेला आत आली आणि किणकिण थांबली. ओठ मुरडणारी सासू पुढे सरकली. पडद्यावर तीच होती, चर्चच्या कोपऱ्यात, कुणी पाहत नाही असं समजून डोळे टिपणारी. पुरिंगनं ते टिपलेलं. सासूनं लोवेलाचा हात धरला तो फिल्म संपेपर्यंत सोडला नाही.

दिवे लागले तेव्हा सासूच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं. ती वळून म्हणाली, "पुन्हा लावा ना, मनांग."

"लावते की," पुरिंग म्हणाली, आणि माझ्या कानात, "हलू नकोस हं. हात अवघडले तरी."