खिडकीखालचा पाळणा

लव्हेल थॉर्नॉक आणि त्याची बायको आर्डेथ यांनी खाऱ्या तळ्यातल्या त्या बेटावर उभं आयुष्य काढलं. मालकाची मेंढरं राखायची आणि पहिल्या वसाहतवाल्यांनी बांधलेल्या मातीच्या घरात दोघांनीच राहायचं. मूलबाळ झालं नाही. पुढं सरकारनं बेट घेऊन तिथं राखीव उद्यान केलं, तशी दोघं काठावरच्या गावात आली. आर्डेथला तिथं करमलंच नाही. पहिल्याच हिवाळ्यात ती गेली.

त्यानंतर लव्हेल कित्येक वर्षं बेटाकडं फिरकला नाही. एकदा पानगळीच्या दिवसांत मात्र त्यानं गाडी काढली. तळ्यात भराव घालून बेटापर्यंत नेलेल्या रस्त्यावर बायसनचा कळप आडवा उभा होता. घाई त्यालाही नव्हती. तो थांबून राहिला.

त्यांचं जुनं घर आता लोकांना बघायला खुलं ठेवलं होतं. दारात उद्यानाची रक्षक शेरीस उभी होती. "या ना, ब्रदर. फक्त दोरीच्या अलीकडून बघा हं." तिकडच्या चर्चमधली माणसं वडीलधाऱ्यांना ब्रदरच म्हणत.

"मी इथं राहायचो. थॉर्नॉक."

"अगंबाई, तुम्ही ते होय! मग तुम्हाला कसली दोरी?" तिनं दोरी सोडली.

स्वयंपाकघर होतं तसंच होतं. झोपायच्या खोलीत खिडकीखाली मात्र एक पाळणा होता, वर हातानं शिवलेली दुलई.

"हा कुठनं आला?"

"गावातल्या कुणीतरी दिला. घर भरल्यासारखं वाटतं लोकांना. का, नव्हता का?"

"नव्हता."

"मग काढते. खोटं कशाला ठेवायचं?"

लव्हेल खिडकीपाशी गेला. "तेवढी जागा आर्डेथ मोकळी ठेवायची," तो म्हणाला. "लग्न झाल्यापासनं. शिवणयंत्र तिथं ठेव म्हटलं, तर ऐकायची नाही. शेवटपर्यंत नाही ऐकलं."

शेरीस पाळणा उचलायला वाकली.

"असू दे तो," लव्हेल म्हणाला.

मग तो दर आठवड्याला येऊन पाहुण्यांना घर दाखवू लागला. पाळणा बघून ते विचारायचे, "मुलं किती हो तुम्हाला?" तो खरं ते सांगायचा. पाहुणे अवघडायचे आणि बायसन कुठं दिसतील म्हणून विचारायचे. तो टेकडीकडं बोट दाखवायचा. हळूहळू त्यानं खोलीत जाणं सोडलं. बाहेर झऱ्याजवळच्या बाकावर बसायचा.

उद्यानाचं फाटक बंद व्हायची वेळ झाली की शेरीस हाक मारायची, "घरी जायचं ना, ब्रदर?"

"निघतोच," तो म्हणायचा, आणि आणखी थोडा वेळ तसाच बसून राहायचा.