चाकाखालची चार लिंबं

काल सरबतासाठी लिंबू चिरलं आणि त्या वासाबरोबर नाकात पेट्रोल आणि ओली मातीही शिरली. वीसेक वर्षं झाली त्याला. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टहून तासाभरावरच्या एका मातीच्या गोल ट्रॅकवर माझी अकरा वर्षांची इरा पहिल्यांदाच मुलांच्या शर्यतीत उतरणार होती. गाडी छोटी, लाल, जुनीपुराणी, काचा काढलेली आणि उलटली तर चेपू नये म्हणून आतून लोखंडी पाइप जोडलेली. पट्ट्यांनी घट्ट बांधलेली इरा हेल्मेटमधून नुसती डोळ्यांनी हसत होती.

चाकाखाली लिंबं ठेवल्याशिवाय आमच्याकडे गाडी हलत नाही. मी सगळ्यांदेखत वाकून चारी चाकांखाली एकेक ठेवलं.

"आई, ऊठ ना, सगळे बघतायत!" इरा डचमध्ये ओरडली.

झेंडेवाला धावत आला. "बाई, लिंबानं गाडी थांबत नाही."

"थांबायला नाही, सुखरूप परत यायला," मी म्हणाले.

हिरवा झेंडा हलला, फचकन रस उडाला आणि इरा चिखल उडवत सुटली. सगळ्या फेऱ्या होईपर्यंत मी कठडा सोडला नाही. ती शेवटून दुसरी आली आणि जिंकल्यासारखी नाचली.

पुढच्या शर्यतीआधी शेजारच्या गाडीतल्या मुलाचा बाप माझ्यापाशी आला. चांगला सहा फुटी डच गडी. माझ्या पिशवीकडे बघत हळूच म्हणाला, "अजून चार आहेत का?"

तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. काल मात्र आठवलं, लिंबं घेताना त्याचे हात माझ्याइतकेच गार पडले होते.