डब्यातले बांगडे

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ तर नाहीच — तिच्याजवळ कुठल्या तोंडानं बोलणार? तुम्ही परके, म्हणून तोंड उघडतोय.

पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट. मी माळेगावला साखर कारखान्यात फिटर. बारामतीतल्या एका डॉक्टरांना बघायचं होतं, की धडधाकट माणसानं तेलकट मासा खाल्ला तर रक्तातली चरबी उतरते का. उजनीच्या माशात तेवढं तेल नसतं म्हणाले, बर्फातला बांगडाच हवा. आधी रक्त तपासायचं, दोनेक महिने बांगडा खायचा, मग पुन्हा रक्त. आम्हा काही जणांना निवडलं आणि मी फुगलो.

बायको नरसिंहपूरची, माळकऱ्याच्या घरातली. माहेरी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. आमच्याकडं मटण व्हायचं, ते मीच परसात शिजवायचो. पण आता माझी पाळी पहाटेची. "तुमच्या रक्ताचं काम हाय, मी करते," म्हणाली. नाकाला पदर लावून बांगडा साफ करायची, परसातल्या चुलीवर कालवण करायची, मग डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायची.

आणि मी? मला तो वास सोसेना. डबा कॅनॉलात रिकामा करायचो आणि कारखान्याबाहेर भजी हाणायचो. नाही जमत म्हणून सांगायला काय झालं होतं? — पण चारचौघांत मी होय म्हणून बसलो होतो ना.

पुन्हा रक्त तपासलं. बाकीच्यांची चरबी थोडीफार उतरली होती, माझी चढली. डॉक्टरांनी बायकोला बोलावून घेतलं.

"वहिनी, बांगडे तळता का?"

"न्हाय हो. कालवणच करते. फोडणीपुरतं त्याल."

"मग हात सढळ असणार तुमचा. तिथंच सगळं वाया गेलं."

हसूनच म्हणाले ते. ती खाली फरशीकडं बघत राहिली. मी शेजारीच होतो. एक वाक्य — तेवढंच लागत होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो.

परतताना एस.टी.त ती म्हणाली, "माझ्या हातानं तुमचं वाटुळं झालं." मी म्हणालो, "जाऊ दे." — म्हणजे वर मीच तिला माफ केलं!

थकलोय आता. घरात सुना आल्यात. "जपून टाका गं त्याल, मी ह्यांचं रगात बिघडवलं हुतं," ती त्यांना अजून सांगते. बाहेर ओसरीवर सगळं ऐकू येतं. मी जेवत राहतो.